लहान मुलांना गाणी ऐकवायची कशी, आणि मुख्य म्हणजे म्हणायची कशी

दरवर्षी जूनमध्ये बालवाडीत नवीन मुलं आली की पहिल्या आठवड्यात मी एक गोष्ट करतेच. काही न सांगता खाली सतरंजीवर बसते आणि 'ये रे ये रे पावसा' सुरू करते, 'तुला देतो' म्हणते आणि थांबते. दोन-चार मुलं लगेच 'पैसा' म्हणून ओरडतात. काही नुसती बघत राहतात. आणि गेल्या काही वर्षांत तिसरी एक जात वाढलीये, ती मुलं माझ्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघतात, हातात मोबाईल आहे का ते. या मुलांनी गाणी कमी ऐकलेली नसतात, उलट भरपूर ऐकलेली असतात, पण गाणं माणसाच्या तोंडातून येतं हेच त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. हे बघून मला दरवेळी पोटात कालवतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. पहिल्या महिन्यापासून साधारण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे हे.

सुरुवात कुठून करायची, तर शरीरापासून. आपल्याकडची जुनी बडबडगीतं नीट बघितली तर त्यातली निम्मी तरी हाताला धरून म्हणायची आहेत. 'करंगळी मरंगळी' बोटांवरून निघतं ते मनगट, कोपर, खांदा करत चेहऱ्यावर पोचतं. 'आपडी थापडी गुळाची पापडी' टाळ्यांचं आहे, शेवटी एकमेकांचे कान धरायचे. 'इथे इथे बस रे मोरा' म्हणताना बाळाच्या तळव्यावर आपलं बोट टेकवायचं आणि 'भुर्रकन उडून जा' ला हात वर उडवायचा. म्हणजे सूर, शब्द, स्पर्श आणि पुढे काय येणार याची वाट बघणं, सगळं एकाच वेळी. व्हिडिओत रंगीत मोर नाचताना दिसेल, पण तळव्यावर बसणार नाही.

माझी लेक अकरा महिन्यांची असताना तिला एकही शब्द बोलता येत नव्हता. एकदा मी भाजी निवडत बसले होते, ती रांगत आली, माझ्यासमोर बसली आणि डावा हात उलटा करून तळवा माझ्यापुढे धरला. मला आधी वाटलं काहीतरी चिकटलंय, म्हणून पुसून दिला. तिने परत धरला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तिला मोर हवा होता! मी बोट टेकवलं, 'इथे इथे' म्हटलं आणि तिचे खांदे आधीच वर गेले, कारण शेवटी उडायचंय हे तिला माहीत होतं. म्हणजे शब्दांच्या आधी तिला गाणं मागता येत होतं. तुमच्या घरी बाळ असेल तर याकडे लक्ष ठेवा. मूल हात पुढे करतं, पाय हलवतं, तुमचा हात धरून टाळी वाजवायला लावतं, ती त्याची फर्माईश असते. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून लगेच म्हणा, कारण मागितलं की मिळतं हे कळल्यावरच ते पुढे जास्त मागतं.

वयाप्रमाणे फार काटेकोर जायची गरज नाही. पहिलं वर्ष अंगाई, पाळणा आणि ही हातापायांची गाणी. दीड-दोनपासून यमकाची, प्राण्यांच्या आवाजाची, 'चांदोबा चांदोबा भागलास का' सारखी प्रश्नांची. तीननंतर गोष्ट असलेली गाणी आणि फेर धरून म्हणायची गाणी. पाच-सहाला मुलं स्वतःच गाणी जुळवायला लागतात, ती लिहून ठेवा.

आता म्हणायचं कसं. बहुतेक पालक इथेच अडतात, 'ताई, माझा आवाज चांगला नाही हो' हे मी दर पालकसभेत ऐकते. बाळाला तुमच्या आवाजाची परीक्षा घ्यायची नसते. पोटात असताना साधारण सहाव्या महिन्यापासून त्याला आवाज ऐकू यायला लागतात आणि त्यात सगळ्यात जास्त ऐकलेला आवाज आईचा. 1980 साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात जेमतेम तीन दिवसांच्या आतली बाळं चोखणी चोखण्याची पद्धत बदलून अनोळखी बाईच्या आवाजाऐवजी आपल्या आईचा आवाज लावून घेत होती. म्हणजे जगातली सर्वोत्तम गायिका एकीकडे आणि तुम्ही एकीकडे, बाळाने निवड जन्मताच केलेली असते. बिनधास्त म्हणा.

फक्त पट्टी सांभाळा. मोठी माणसं, विशेषतः बाबा लोक, फार खाली गातात. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला आरामात गाता येतं ते साधारण पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत (पियानोवर D ते A), मधल्या सप्तकात. त्याच्या खाली मुलं सूर सोडून नुसती बोलायला लागतात आणि वर नेलं तर किंचाळतात. घरात पेटी असेल तर एकदा वाजवून बघा, नाहीतर फोनवर कुठलंही पियानोचं ॲप उघडा. बाबांनी आपला नेहमीचा आवाज लावला तर तो एक सप्तक खाली जातो आणि लहान मुलाला तो सूर पकडायला अवघड जातं, तेव्हा थोडं हलक्या, पातळ आवाजात वर गायचा प्रयत्न करा किंवा मग लयीची, टाळ्यांची, नुसती बोलून म्हणायची गाणी बाबांनी घ्यावीत.

मूल लांबून हाक मारतं ती ऐकलीये? 'आ-ई', 'ता-ई', पहिला सूर वर आणि दुसरा थोडा खाली. चिडवतानाही मुलं हेच दोन सूर लावतात. आपल्या भाषेत हे अंतर साधारण पंचमावरून शुद्ध गंधारावर येण्याएवढं आहे. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (1882 ते 1967) यांच्या विचारांवर मुलांना गाणं शिकवायची जी पद्धत उभी राहिली ती याच दोन सुरांपासून सुरू होते, आणि त्यांचा आग्रह होता की मुलाची पहिली गाणी त्याच्या मातृभाषेतली, लोकगीतांतली असावीत. मला हे फार पटतं. तुम्हाला चाल येत नसलेलं कुठलंही बडबडगीत या दोन सुरांत म्हणून बघा, जमतंच. एवढंच काय, 'हात धू-या', 'चप्पल का-ढा' हेसुद्धा या दोन सुरांत म्हणा, मुलं ओरडण्यापेक्षा त्याला लवकर ऐकतात, हा माझा वर्गातला रोजचा अनुभव आहे.

लयीचं उलटं आहे. तिथे मुलाने तुमच्यामागे यायचं नसतं, तुम्ही त्याच्यामागे जायचं. लहान मुलांची स्वतःची लय आपल्यापेक्षा जलद असते, त्यामुळे आपण संथ टाळी धरली की मूल पुढे पळतं आणि आपण म्हणतो याला ताल नाही. त्याला चालू द्या, उड्या मारू द्या, त्याच्या पावलांची लय पकडा आणि तिच्यावर गाणं बसवा. महिन्याभराने मग हळू आणि जोरात असा खेळ खेळा, एकदा मुंगीच्या चालीने, एकदा घोड्याच्या. सम आणि मात्रा हे शब्द कधी उच्चारायची गरज पडत नाही.

आणि थांबा. म्हणजे खरंच थांबा, गाण्यात. ओळीचा शेवटचा शब्द मुलासाठी सोडायचा. 'पैसा झाला' असं म्हणून गप्प बसायचं, मुलाच्या डोळ्यांत बघायचं, मनात पाचपर्यंत मोजायचं. सुरुवातीला काहीच येणार नाही, मग नुसतं 'टा' येईल, मग 'खोटा' येईल, आणि मग एक दिवस ते मूल तुम्हाला थांबवून पुढची अख्खी ओळ म्हणेल. व्हिडिओ हे एक कधीच करू शकत नाही कारण व्हिडिओ मुलासाठी थांबत नाही, ते गप्प असलं तरी पुढे जातो.

खोटा-मोठा, पावसा-पैसा हे नुसतं गंमत म्हणून नाहीये. शब्दांचे शेवट सारखे वाजतात हे ज्या कानाला कळतं तो कान पुढे अक्षरं वाचताना उपयोगी पडतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 1980 च्या दशकात 64 मुलांचा तीन-साडेतीन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंत पाठपुरावा केला आणि ज्यांना तिसऱ्या वर्षी बडबडगीतं जास्त येत होती त्यांना पुढे आवाजांमधले फरक ओळखणं आणि वाचणं जास्त चांगलं जमलं, घरची परिस्थिती आणि बुद्ध्यांक हिशेबात धरूनही. ती मुलं इंग्रजी होती, पण यमक आपल्याकडे काही कमी नाही. मुलाला मुद्दाम चुकीचा शब्द घालून दाखवा, 'पैसा झाला लाडू', तो खदखदून हसेल आणि तुम्हाला दुरुस्त करेल, म्हणजे समजायचं कान तयार झाला.

जुने शब्द बदलू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. 'अडगुलं मडगुलं' मधला रुप्याचा वाळा, चांदोबाच्या गाण्यातला मामाचा चिरेबंदी वाडा, तूपरोटी, तीट, हे सगळं मुलांना कळत नाही म्हणून काही जण सोपं करून म्हणतात. का? वर्गात एका मुलाने मला विचारलं होतं, चिरेबंदी म्हणजे बंदी केलेलं घर का, तिथे जायचं नसतं का? मग आम्ही सगळे उठून शाळेमागच्या जुन्या दगडी भिंतीपाशी गेलो, घडवलेल्या दगडांमधल्या फटींवरून सगळ्यांनी बोट फिरवलं आणि मी म्हटलं हे चिरे, यांनी बांधलेलं ते चिरेबंदी. त्या दिवसापासून त्या ओळीला वर्गात सगळ्यांचं बोट हवेत फिरायचं. न कळणारा शब्द म्हणजे एक गोष्ट सांगायची संधी आहे, ती घ्या.

आता मोबाईल. जेवताना व्हिडिओ लावल्याशिवाय घासच घेत नाही, हे बहुतेक घरांत आहे, आणि मी कुणाला दोष देत नाहीये, दिवसभर राबून आलेल्या बाईला मुलाने शांतपणे चार घास खाल्ले तर हवंच असतं. तरी पण जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की दोन वर्षांखालच्या मुलांना बसवून स्क्रीन दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. एकदम बंद केलं तर रडारड होणार, म्हणून मी पालकांना असं सांगते. पहिले चार-पाच दिवस तीच गाणी लावा पण फोन उलटा ठेवा, फक्त आवाज. रडेल थोडं, पण गाणं ओळखीचं असल्यामुळे टिकतं. मग फोन दुसऱ्या खोलीत आणि आवाज छोट्या स्पीकरवर. मग गाणं चालू असताना तुम्ही सोबत म्हणायला लागा, हळूहळू स्पीकरचा आवाज कमी आणि तुमचा तेवढाच. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात स्पीकर बंद केला तरी गाणं चालू राहतं. घाई केली की परत पहिल्यापासून, एवढं लक्षात ठेवा.

रेकॉर्ड केलेली गाणी वाईट असतात असं माझं अजिबात म्हणणं नाही. 'देवबाप्पा' सिनेमा 1953 चा, त्यातलं 'नाच रे मोरा' गदिमांनी लिहिलं, पुलंनी चाल लावली, आशा भोसलेंनी गायलं, आणि सत्तर वर्षांनंतर आजही माझ्या वर्गात पहिला पाऊस पडला की मुलं तेच म्हणतात. इतक्या मोठ्या माणसांनी मुलांसाठी मन लावून काम केलं म्हणून ते टिकलं. तर निवडताना डोळे मिटून ऐका. चित्र नसताना गाणं आवडतंय का? शब्द स्पष्ट कळतात का की नुसता ढोलकीचा ठोका मशीनवर चालू आहे? मधे कुठे श्वास घ्यायला जागा आहे? चाल एकदा ऐकून गुणगुणता येते? आजकाल एकाच चालीवर पन्नास गाणी बनवून सोडलेली असतात, हत्तीचं, गाडीचं, भाजीचं, सगळं एकाच वेगात आणि एकाच चिरक्या आवाजात, ती ऐकून मूल उत्तेजित होतं, शांत होत नाही, आणि बंद केलं की चिडतं. तुमच्या मुलाचं गाणं संपल्यावरचं वागणं बघा, तेच सगळं सांगतं. ऑटोप्ले बंद ठेवा, दहा-बारा गाण्यांची स्वतःची प्लेलिस्ट बनवून फोनमध्ये उतरवून घ्या आणि महिनाभर तीच वाजवा. मुलांना तेच तेच कंटाळवाणं वाटत नाही, तेच तेच त्यांना हवं असतं, कारण पुढे काय येणार हे आधीच माहीत असण्यात त्यांना सगळ्यात जास्त मजा येते.

बटण दाबलं की गाणं वाजणारी खेळणी विकत घेताना दुकानातच स्वतःच्या कानाशी धरून बघा, कारण मूल तसंच धरणार आहे. कानाला टोचलं तर परत ठेवा. घरात आधीच असेल तर स्पीकरच्या भोकांवर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा, आवाज बराच बसतो.

गाण्याने बुद्धी वाढते म्हणून सीडी, ॲप, कोर्स विकणारे खूप आहेत. त्या सगळ्याचं मूळ 1993 च्या एका छोट्या अभ्यासात आहे, त्यात कॉलेजच्या 36 विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टचं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकवलं होतं आणि एका प्रकारच्या कोड्यांमध्ये त्यांचे गुण दहा-पंधरा मिनिटांपुरते जरा वाढले. बाळं त्यात नव्हतीच. तरी 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत द्यायचा प्रस्ताव मांडला. पैसे वाचवा. गरोदरपणात तुम्हाला आवडतं ते ऐका आणि स्वतः गुणगुणा.

एक गोष्ट मला खूप खुपते ती म्हणजे स्नेहसंमेलन. आमच्या भागातल्या एका शाळेत चार वर्षांच्या मुलींना मोठ्यांच्या सिनेमाच्या गाण्यावर कंबर हलवायला शिकवलं होतं, पालक समोर शिट्ट्या मारत होते, आणि त्यातली एक मुलगी मधेच थांबून आईला शोधत होती. तुमच्या मुलाच्या शाळेत असं असेल तर गाणं ठरायच्या आधी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच बाईंना जाऊन भेटा, तक्रार म्हणून नाही, हातात दोन-तीन बालगीतं घेऊन जा, चाल म्हणून दाखवा. बाईंनाही वेळ नसतो, तयार गाणं मिळालं की बऱ्याचदा त्या आनंदाने घेतात.

आणि भोंडला करा, खरंच करा. आश्विनात, हस्त नक्षत्राच्या सुमारास, पाटावर हत्तीचं चित्र काढायचं किंवा मूर्ती ठेवायची, भोवती फेर धरायचा, 'ऐलमा पैलमा गणेशदेवा' ने सुरुवात. विदर्भ-खानदेशात भुलाबाई, माझ्या सासूबाई तिकडच्याच, त्यांच्याकडे टिपऱ्या असतात. दोन्हीकडे मुलींचं होतं, आता मुलग्यांनाही घ्या. संगीताचा यापेक्षा चांगला आणि फुकट वर्ग मला माहीत नाही, कारण पावलं तालात पडतात, दोन्ही हात धरलेले असल्यामुळे चुकणाऱ्या मुलाला बाजूची मुलं आपोआप ओढून नेतात, आणि गाणी साखळीची असतात. 'कारल्याचा वेल लाव गं सुने' घ्या, वेल लावला, मग पुढे कारलं यायचं, मग भाजी, एकेक पायरी चढत जाते आणि सुनेचं माहेरी जाणं लांबत जातं. साडेतीन वर्षांचं मूल हा क्रम बिनचूक सांगतं. मोठी झाली की मुलं त्यातला सासुरवासही विचारतात, तेव्हा खरं उत्तर द्या. शेवटी खिरापत ओळखायची, डबा हलवून आवाज ऐकायचा, गोड का तिखट, हेही कानाचंच काम. सोसायटीत पाच-सहा मुलं असली तरी पुरे, शनिवारची एक संध्याकाळ.

परदेशातल्या पालकांसाठी एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांबरोबर एकत्र गायला जाऊ नका, आवाज पोचायला जरासा उशीर होतो आणि सगळ्यांचीच लय विस्कटते, मग मूल वैतागून उठून जातं. त्याऐवजी आळीपाळीने घ्या, आजीने एक ओळ म्हणायची, नातवाने पुढची. हाताची गाणी असतील तर तिकडे आजीने म्हणायचं आणि इकडे आईने मुलाच्या तळव्यावर बोट टेकवायचं.

झोपवताना अंगाई म्हणायची तर पहिल्यांदा मुलाच्या आत्ताच्या वेगात सुरू करा, ते हातपाय झाडत असेल तर जरा जलदच, आणि मग दर कडव्याला लय आणि आवाज थोडा थोडा उतरवत न्या. शेवटी शब्द सोडून द्या, नुसता हुंकार, आणि पाठीवरचा हात तसाच चालू ठेवा. मूल झोपल्यावर गाणं एकदम तोडू नका, नाहीतर डोळे उघडतं.

शेवटचं काम लवकर करा, याच महिन्यात. घरात आजी, पणजी, आत्या, शेजारच्या काकू, जी कुणी मोठी बाई असेल तिची गाणी रेकॉर्ड करून घ्या. प्रत्येक घराच्या ओळी वेगळ्या असतात, त्या पुस्तकात मिळत नाहीत. पंखा बंद करा, फोन एक हात लांब ठेवा, सुरुवातीला नाव, गाव आणि माहेरचं गाव बोलून घ्या. मी सासूबाईंना समोर बसवून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, काही आठवत नाही गं आता, सगळं गेलं. दोन दिवसांनी जावेचं तान्हं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं, त्यांचे गुडघे आपसूक हलायला लागले, आणि त्यांनी न थांबता सात कडवी म्हटली, त्यातली तीन मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. तेव्हा फोन आधी चालू करा, मग मांडीवर मूल द्या.